सात पिशव्या

१२ फेब्रुवारी

चि. ठमाबाईस,

आधी दुधाची भांडी विसळली, मग सव्वीस चमचे पुसून टोपलीत टाकले, मग न्हाणीघराची फरशी घासली. काल सकाळचं सांगतेय. मुलांना दातांच्या तपासणीला न्यायचं होतं, म्हणून साडेसातलाच गाडी दाराशी आली. ती गेल्यावर घर इतकं रिकामं झालं की नळ ठिबकतोय तेसुद्धा वरच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होतं. मी चादरी काढल्या, अभ्रे बदलले, लहानग्यांच्या खोलीतल्या तीन गाद्या उन्हात टाकल्या. दोन फ्रॉकची शिवण उसवली होती ती घातली. मग आणखी थोडं किरकोळ धुणं केलं आणि दुपारी गाडी परत यायच्या आत हात पुसून बसले.

तुला वाटेल, आईला झालंय काय, कुठली मुलं आणि कुठलं घर. मी देशाबाहेर आहे. तीन महिन्यांसाठी. ज्यांना कुणी नाही किंवा ज्यांचं कुणी कुठे आहे ते माहीत नाही, अशा मुलांचं हे घर आहे. आपल्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंनी अर्ज भरून दिला. इथली भाषा वर्षभर पुस्तकं आणून शिकले. वाचायला बरी जमते, ऐकताना अजून निसटते. गळ्यात पट्टा दिलाय, त्यावर 'स्वयंसेविका' असं लिहून खाली माझा फोटो लावलाय. त्यात मी पकडून आणल्यासारखी दिसते.

मुलं मला 'चष्मा' म्हणतात. स्वयंपाकीणबाईंना मी मनात 'सरकार' म्हणते, कारण त्यांच्या हुकमाशिवाय इथे वाटीसुद्धा हलत नाही. धुणंवाली बाई मात्र जिवाभावाची. माझ्याच वयाची, गुडघे माझ्यापेक्षा वाईट. आणि एक सहा वर्षांची मुलगी आहे, ती पहिल्या दिवसापासून माझ्या मागे मागे फिरते, म्हणून तिचं नाव मी शेपूट ठेवलंय. "चष्मा, हे काय? चष्मा, ते काय?" मी न्हाणीघरात गेले तरी दाराबाहेर पाय आपटत उभी.

घर स्वच्छ आहे. फक्त कपड्यांच्या खोलीत एका कपाटात काही कळकट पिशव्या होत्या, त्यांचा वास खोलीभर यायचा. होत्या म्हणतेय, कारण शनिवारी एक गंमत आहे. झाली की लिहीन.

तू उत्तर पाठवणार नाहीस हे ठाऊक आहे. वर्ष झालं. तरी लिहितेय.

आई


१६ फेब्रुवारी

चि. ठमाबाईस,

गंमत झाली नाही.

त्या पिशव्यांचं आधी सांगते. इथे येणारं मूल ज्या कपड्यात येतं, किंवा त्याच्याबरोबर घरचं जे काही येतं, ते पिशवीत घालून, वर त्याचा नंबर शिवून, कपाटात ठेवतात. टोपडं, रुमाल, बापाचा बनियन, काहीही. धुवत नाहीत. शनिवारी दुपारी कपाट उघडतं आणि ज्याची पिशवी त्याला देतात. अर्धा तास. मूल ती घेऊन कोपऱ्यात बसतं, नाक खुपसतं, कुणी झोपतंसुद्धा. मग पिशवी परत जागेवर. सव्वीस मुलांपैकी अकराच जणांच्या पिशव्या आहेत. बाकीच्यांबरोबर काहीच आलं नव्हतं. ती मुलं त्या अर्ध्या तासात अंगणात खेळतात आणि आत बघत नाहीत.

शेपटीच्या पिशवीत एक उशीचा अभ्रा होता. मोठ्या माणसाच्या उशीचा. मध्यभागी केसांच्या तेलाचा मोठा पिवळा डाग.

काल कपाट उघडलं तर अकरापैकी सात पिशव्या कुणीतरी धुऊन ठेवलेल्या. आतलंही सगळं धुतलेलं, इस्त्री केलेलं, उसवलेलं शिवलेलं. एक मोठी मुलगी पिशवी उघडून नुसती बसून राहिली. दोन लहानगी रडायला लागली, पण ती एकमेकांना बघून रडली असतील. शेपटीने अभ्रा बाहेर काढला, नाकाला लावला. उलटा केला, पुन्हा लावला. मग आत हात घालून शिवणीपर्यंत चाचपलं. मग तो नीट घडी करून धुणंवालीच्या हातात दिला आणि म्हणाली, "हा माझा नाही. कुणाचा तरी चुकून आलाय."

रडली नाही. शोधायला लागली. बाकीच्यांच्या पिशव्यांत डोकावली, कपाटाखाली वाकून बघितलं. जेवतानाही मान वळवून वळवून दाराकडे बघत होती, जणू कुणीतरी "अगं, हा बघ सापडला" म्हणत येणार आहे.

संचालिकाबाईंनी सगळ्यांना जेवणघरात बोलावून विचारलं. सरकार म्हणाल्या, "ज्या कुणी हे केलंय ना, तिला घरी हात धुवायला पाणी मिळत नसेल, म्हणून इथे येऊन हौस भागवली." दोघीतिघी हसल्या. मीही हसले.

कुणी केलं असेल असं?

आई


१८ फेब्रुवारी

चि. ठमाबाईस,

मी केलं.

परवाच्या पत्रात 'कुणीतरी' लिहिलं ते पुसून टाकत नाही. राहू दे. त्या मंगळवारी मुलं दातांना गेली तेव्हा धुणंवाली बरोबर गेली, कारण हात कमी पडत होते. जाताना तिने कपड्यांच्या खोलीची चावी माझ्या हातात दिली. "ताई, तेवढ्या चादरी काढून ठेवाल का? आणि चावी दिली म्हणून बोलू नका हं कुठे, मला ती द्यायला परवानगी नाही." चावीच्या जुडग्यात त्या कपाटाचीही चावी होती. 'आणखी थोडं किरकोळ धुणं' ते हेच.

गरम पाण्याच्या टाकीची जी खोली आहे तिथे दोरी बांधून वाळत घातलं. सात पिशव्यांतच दोरी भरली म्हणून चार वाचल्या. अभ्र्याचा डाग काही केल्या निघेना. साबण लावला, मीठ चोळलं, उकळत्या पाण्यात बुडवला. निघाला तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मग त्याला खळ घातली आणि अशी कडक इस्त्री केली की टेबलावर उभा राहील. मला वाटलं, शनिवारी मुलं उघडतील आणि म्हणतील, अय्या, हे कुणी केलं? आणि धुणंवाली म्हणेल, अहो ताई, तुम्ही?

मला शाबासकी हवी होती, ठमे. या वयात.

पण मला कुणी सांगितलं नव्हतं गं. माझे कान या भाषेला अजून बसलेले नाहीत. सगळे भराभर बोलतात, मी मान डोलावते. मला काय माहीत, त्या पिशव्या तशाच ठेवायच्या असतात!

धुणंवालीला काल कामावरून कमी केलं. चावी तिच्याकडे असते, म्हणून. तिने सांगितलं, "चावी दिवसभर माझ्याच खिशात होती." संचालिकाबाई म्हणाल्या, मग तुम्हीच धुतलंत. ती म्हणाली, नाही. बारा वर्षं इथे होती ती. तिचा कामाचा अंगरखा खुंटीला नाही, खुंटी मोकळी दिसते.

मी त्या वेळी शेजारच्या खोलीत मोज्यांच्या जोड्या लावत होते. दार उघडं होतं. सगळं ऐकू आलं, आणि कळलंही.

आई


२१ फेब्रुवारी

चि. ठमाबाईस,

आज धुणंवाली तिचे दोन अंगरखे परत करायला आली होती. धुऊन, घडी घालून आणले होते. मला मागच्या पायरीवर गाठलं. मला वाटलं, आता विचारेल.

ती म्हणाली, "ताई, तुम्ही काळजी करू नका. मी तुमचं नाव घेतलं नाही."

मी विचारलं, "का नाही घेतलं?"

"कशाला? तुम्ही बाहेरच्या. उगाच चौकशी, कागदपत्रं, नसता ताप. आणि तुम्ही चादरी काढून खोलीला कुलूप लावलं असेल, मला माहीत आहे. मागून कुणीतरी घुसलं असणार. मला त्या सरकारचाच संशय आहे." सरकार हे नाव तिला मीच सांगितलं होतं. तिला ते फार आवडलं होतं.

मग ती म्हणाली, "तुमच्यावर संशय कसा घेणार? तुम्ही तर एवढी पुस्तकं वाचता."

मी काय केलं असेल? तिला म्हटलं, गुडघ्यांना शेक देत जा.

तर पुस्तकांचंच सांगते. तू लहान असताना बघितलंयस, तुझे बाबा बांधणीला पुस्तकं घरी आणायचे आणि मी ती सुट्या पानांची वाचायची. चौथीनंतरचं माझं सगळं शिक्षण असं उसवलेल्या पुस्तकांचं. बाबा खळ शिजवेपर्यंत जेवढं होईल तेवढं. कधी शेवट आधी, कधी मधली पानं गायब. त्यामुळे छापील कागद हाती आला की तो पूर्ण वाचायचाच, अशी माझी खोड आहे. औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा मी सोडत नाही.

इथे पहिल्या दिवशी दोन पानी कागद दिला होता. नियमांचा. मी तो तीन वेळा वाचला, अडलेले शब्द शब्दकोशात बघितले आणि खाली सही केली. त्यात सातव्या क्रमांकावर स्वच्छ लिहिलंय की कपाटातल्या पिशव्या स्वयंसेवकांनी उघडू नयेत आणि त्यातलं काहीही धुऊ नये. का, तेही लिहिलंय.

म्हणजे मागच्या पत्रात तुला कानांचं जे लिहिलं, ते खोटं. मला माहीत होतं. वाचून मला हसू आलं होतं. म्हटलं, हा नियम धुण्याचा कंटाळा असणाऱ्यांनी केलाय, वर त्याला मोठं कारण चिकटवलंय. मुलांना घाणीची सवय लावतात. मी यांना दाखवते.

शेपूट अजून शोधतेय. आज दुपारी मी बिछाने घालत होते, तर ती प्रत्येक उशीपाशी जाऊन वास घेत होती. सव्वीस उशा. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "चष्मा, तुला जवळचं बरोबर दिसतं ना? तू शोध."

मी तिच्याबरोबर शोधलं. हे लिहायची लाज वाटते, पण शोधलं. पलंगाखाली वाकले, गाद्या उचलल्या. ती म्हणाली, "इथे नाही." मीही म्हणाले, "इथे नाही."

आई


२३ फेब्रुवारी

चि. ठमाबाईस,

काल पुन्हा शनिवार होता. कपाट उघडलं. शेपटीने आपली पिशवी घेतलीच नाही. म्हणाली, ज्याचा आहे त्याला द्या. आणि अंगणात गेली, ज्यांना पिशव्या नाहीत त्यांच्यात. आत बघितलं नाही.

आता स्वेटरचं लिहिते. एवढे दिवस त्याच्या भोवतीनेच फिरतेय.

बाबा गेले त्या संध्याकाळी तू फोनवर म्हणालीस, "आई, मला पोचायला दोन दिवस लागतील. बाबांचा तपकिरी स्वेटर तसाच ठेव. धुऊ नकोस." मी "हो" म्हणाले. मला नीट ऐकू आलं होतं. आवाज खरखरत नव्हता, मी शुद्धीवर होते.

तू आलीस तेव्हा तो दोरीवर होता. पाणी निथळून बाह्या लांब झालेल्या. तू बघितलंस आणि माझ्याकडे वळलीस. मी म्हटलं, "काकूंनी धुतला असेल. मला कशाचं भान होतं?"

काकू स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी ऐकलं. हात पुसत बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं. तू त्यांना नको ते बोललीस. "तुम्हाला काय घाई होती? तुमचा कोण गेलाय?" त्यांचा धाकटा दीर गेला होता, ज्याला त्यांनी लग्न होऊन आल्यापासून जेवू घातलं होतं. त्या फक्त म्हणाल्या, "चुकलं गं बाई." आणि आत गेल्या.

नंतर त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. मीही कधी विषय काढला नाही. तुझ्या लग्नाचं आमंत्रण त्यांना गेलं नाही तेव्हा त्यांनीच मला नेसायला स्वतःची चांगली साडी काढून दिली. "माझी म्हणून सांगू नकोस," म्हणाल्या. मी नेसून आले, जेवले, तुला आशीर्वाद दिले. मागच्या वर्षी तू विचारलंस, "आई, खरं सांग, स्वेटर कुणी धुतला?" तेव्हा मीच तुझ्यावर चढले. एका स्वेटरसाठी आईवर संशय घेतेस? तुझा त्यानंतर फोन नाही. बरोबर आहे तुझं.

मी धुतला. का, ते मला परवापर्यंत सांगता आलं नसतं.

चार महिने बाबा अंथरुणावर होते. रोज दोन चादरी, तीन-चार पंचे, सदरा. पहाटे उठून आधी ते धुणं. त्यांचं दुखणं मला कमी करता येत नव्हतं. चादर मात्र पांढरी करता यायची. ते गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी सवयीने पाचला उठले, बादली भरली, आणि धुवायला काही नव्हतं. काकूंनी आदल्या दिवशीच सगळं उरकलं होतं. खुंटीला फक्त स्वेटर. मी नाकाला लावला. खळीचा वास, थोडा त्यांच्या तेलाचा. मला तो वास सहन होईना. आणि बादली भरलेली. मी बुडवला.

वर काढतानासुद्धा वास येत होता. म्हणून पुन्हा बुडवला.

तू सांगितलेलं त्या वेळी आठवत होतं. मनात म्हटलं, तिला काय कळतंय, ती इथे नव्हती. सातव्या नियमाला हसले तशीच तुलाही.

आई


२६ फेब्रुवारी

चि. ठमाबाईस,

सोमवारी सकाळी नऊ वाजता मी संचालिकाबाईंच्या खोलीत गेले. काय बोलायचं ते इथल्या भाषेत कागदावर लिहून नेलं होतं, कारण आयत्या वेळी शब्द सापडले नाहीत तर तेच निमित्त करून मी परत फिरले असते. उभ्यानेच वाचलं. पिशव्या मी धुतल्या. चावी मला चादरींसाठी दिली होती, मी कपाटाला वापरली. धुणंवालीला यातलं काही माहीत नाही.

बाईंनी चष्मा काढून ठेवला. त्यांनी फार हळू विचारलं, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून. "पहिल्या दिवशीचा कागद तुम्ही वाचला होता का?"

"हो."

"तुम्हाला तो समजला होता का?"

ठमे, त्या मला वाट देत होत्या. नाही म्हटलं असतं तर बाहेरची बाई, भाषा येत नाही, असं होऊन सगळं मिटलं असतं. त्यांच्या तोंडावर दिसत होतं, त्यांनाही ते उत्तर चाललं असतं.

मी म्हटलं, "समजला होता. शब्दकोशात बघून समजून घेतला होता."

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "अजून चार राहिल्यात, त्या का सोडल्यात?"

"दोरी पुरली नाही."

त्यांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, हसतायत. हसत नव्हत्या.

मला मुलांमध्ये आता राहता येणार नाही. शुक्रवारचं तिकीट आहे. धुणंवालीला त्यांनी माझ्यासमोर फोन केला. ती त्याच दुपारी आली. मी मागच्या पायरीवर थांबले होते. काय म्हणायचं तेही लिहून ठेवलं होतं, पण तिने हात वर करून थांबवलं. "ताई, माझ्याशी बोलू नका. मी घरी नवऱ्याला सांगितलं होतं, दुसरं कुणीही असेल, ताई नसतील." अंगरखा घातला आणि आत गेली. दुपारी जेवताना सरकारांनी माझं ताट ठेवलं, वर एक शब्द नाही. टोमणासुद्धा नाही. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

मुलांना पिशव्यांचं काय सांगायचं, ते ठरायचं होतं. संचालिकाबाई म्हणाल्या, मी सांगेन. बाकीच्या सहा जणांना त्यांनीच सांगितलं. शेपटीचं मी मागून घेतलं. "धुतला मी. मी सांगते." त्या नको म्हणाल्या. मी तिथेच उभी राहिले. शेवटी म्हणाल्या, "उद्या, नाश्त्यानंतर. मी दारात उभी राहीन. गोड बोलून काही लपवायचं नाही. आणि तिच्याकडून माफी मागून घ्यायची नाही, तिच्यावर ते ओझं नको."

ही सहाही पत्रं एकाच पाकिटात घालून आज टपालात टाकतेय. पहिली तीन फाडून नव्याने नीट लिहावीत असं दोनदा मनात आलं. मग म्हटलं, नको. माझी ती धुवायची खोड पुन्हा. त्यांत मी जिथे जिथे लपवलंय, ते तसंच तुला दिसू दे. काकूंना वेगळं पत्र लिहिलंय, तेही याच टपालाने जाईल. त्यांना लिहिलंय की ठमाबाईला मी सगळं कळवलंय, आणि तुम्ही त्या दिवशी 'चुकलं' म्हणालात ते माझं होतं. तू त्यांच्याकडे जा, असं मी सांगत नाही. तुला सांगण्याचा माझा अधिकार राहिलेला नाही. एवढंच, की त्यांना आता जिना चढवत नाही, त्या खालच्याच खोलीत असतात.

स्वेटर माझ्याकडे आहे. त्याला कसलाच वास नाही. तुला हवा असेल तर पाठवते.

तर मंगळवारी नाश्ता झाल्यावर मी शेपटीला कपड्यांच्या खोलीत नेलं, जमिनीवर तिच्यासमोर बसले आणि तिला सांगितलं, की अभ्रा तुझाच आहे, तो मी धुतला, आता शोधू नकोस.

आई